रोटाचे गहू

माझी जीभ तिखट आहे. आई म्हणायची, सासू म्हणायची, आणि शेजारच्या खोलीतली सुभद्राबाई तर अजून म्हणते. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. बारा खोल्यांना मिळून एक नळ असला की जीभ तिखट ठेवावीच लागते. पण त्याच जिभेनं मी माझ्या नवऱ्याचं मोठं नुकसान केलं. भरून निघालं असतं तर गप्प बसले असते. ते निघालं नाही, म्हणून सांगायला बसले.

नवऱ्याचं नाव काशिनाथ. सुरतेत उधन्याला एका खात्यात लूम चालवायचा. कापडाच्या लूमची जी शेड असते तिला इथं खातं म्हणतात. बारा तासांची पाळी, आणि खडखडाट असा की आत पाऊल टाकलं की दातसुद्धा हलतात. अठरा वर्षं त्यात काढली आणि कान घालवून बसला. ठार बहिरा नव्हता, पण साधं बोललेलं त्याला पोचायचं नाही. खात्यात सगळे हातानंच बोलतात. सुताचा तार तुटला, बॉबिन संपली, मास्तर आला, सगळ्याला खुणा आहेत. मला काही त्या खुणा जमल्या नाहीत, मी आपली ओरडायची. त्यामुळं आमच्या घरात गुपित असं काही राहिलं नाही. आज भाजी कसली आहे ते अख्ख्या ओळीला कळायचं.

आम्ही धुळ्याकडचे, घरी अहिराणी बोलतो. तुम्हाला कळावं म्हणून इथं जरा शाळेतल्यासारखं सांगतेय. पण काशिनाथची दोन-तीन वाक्यं मात्र मी बदलणार नाही.

काशिनाथ प्यायचा. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणतात, ती आमच्या गल्लीपर्यंत काही पोचली नव्हती. दहा वर्षं मी काय काय केलं नाही? रडले, भांडले, माहेरी निघून गेले, परत आले, उपास धरले, कानबाईला नवस बोलले. आमची पोरगी सुवर्णा, तिच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घ्यायला लावली. आठ दिवस पाळली त्यानं. मग प्लेगचं साल आलं. निम्मी सुरत गाठोडी बांधून गावाकडं पळाली, आम्हीही पळालो. महिन्याभरानं परत आलो तेव्हा खात्यातला बळीराम त्याला म्हणाला, एकदा माझ्याबरोबर भेस्तानला चल. बळीराम नवापूरकडचा, आजोबांपासून ख्रिस्ती. भेस्तानला पत्र्याच्या एका हॉलमध्ये दर रविवारी त्यांची प्रार्थना असायची. काशिनाथ गेला. पुढच्या रविवारी परत गेला. उन्हाळा लागेपर्यंत त्याची दारू सुटली होती.

तुम्ही म्हणाल, बाई खूश झाली असेल. झाले ना, का नाही होणार? पण खरं सांगू का, माझा जळफळाटही झाला. दहा वर्षं मी डोकं आपटलं, आणि हा चार रविवार टाळ्या वाजवून आला आणि सुटला? मग मी केलं ते काय झक मारायला केलं? हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात ते होतं. तेच नंतर नडलं.

भेस्तानचे पाळक मधुकर, नगरकडचे. पाळक म्हणजे त्यांच्या मंडळीचा धर्मगुरू. वाळका माणूस, सायकलवर फिरायचे, बोलणं एकदम मऊ. ते जे शिकवायचे ते बळीराम काशिनाथच्या कानाशी लागून त्याला सांगायचा, आणि काशिनाथ घरी येऊन मला. तोही ओरडूनच, कारण आपला आवाज केवढा हे त्याला कळायचं नाही. देवानं म्हणे जग घडवायच्या आधीच आपली माणसं निवडून ठेवलीत. त्यांनी काय चांगलं केलं ते बघून नाही. ती अजून जन्मालाच आली नव्हती तर बघणार काय? नुसत्या कृपेनं. आणि कृपा म्हणजे जी आपण कमावलेली नसते.

हे त्याला फार लागलं मनाला. खात्यात सगळं मीटरवर. जेवढं कापड काढशील तेवढा तू. चार दिवस तापानं झोपलास की तुझ्या लूमवर दुसरा उभा. आणि इथं कोणीतरी सांगतंय की तुझं कापड न मोजताच तुला घेतलंय. गटारात पडून आयुष्य काढलेल्या माणसाला याच्यापुढं काय सांगणार? ज्या दिवशी त्याला पाण्यात बुडवून त्याचा बाप्तिस्मा केला, त्या दिवशी तो ओल्या डोक्यानं दारात येऊन उभा राहिला. रडत होता आणि हसतही होता. म्हणाला, "मंदा, मी निवडलेला माणूस आहे." लग्न होऊन सोळा वर्षं झाली होती, पण असा चेहरा मी त्याचा पाहिला नव्हता.

मी म्हटलं, चपला बाहेर काढा.

आता कानबाईचं सांगते. श्रावणात आमच्या खानदेशी माणसांच्या घरी कानबाई बसते. सुरतेत येऊन तीस-तीस वर्षं झालेली माणसंही ती सोडत नाहीत. तिच्यासाठी रोट करतात, आणि त्या रोटाचे गहू वेगळे काढायचे असतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठी भरून घ्यायचे, हातानं निवडायचे, मग दळायचे. ते रोट घरच्यांनीच खायचे. भाऊबंदांच्या बाहेर एक घास जाऊ द्यायचा नाही. आमच्या खोलीत पुरुष एकच. मी त्याच्या नावानं मुठी घातल्या आणि ताट मांडीवर घेऊन दारात निवडायला बसले. त्याच्या दारूचा नवस मी कानबाईलाच बोलले होते आणि दारू सुटली होती. माझ्या लेखी ती कानबाईनं सोडवली होती. तो नवस यंदा फेडायचा होता.

रविवार होता. काशिनाथ भेस्तानहून आला, ताटाकडं बघितलं आणि म्हणाला, यंदा माझ्या नावाचे गहू घेऊ नकोस, मी रोट खाणार नाही. मी विचारलं, का म्हणून? तो शांतपणे म्हणाला, मी आता त्या घरचा राहिलो नाही, देवानं मला निवडलंय.

त्या घरचा राहिलो नाही म्हणे. मग मी कोणत्या घरची? माझ्या अंगाचा असा भडका उडाला की काय सांगू. माझ्या चिमटीत तेव्हा एक खडा होता. तो मी त्याच्या डोळ्यांपुढं धरला आणि ओरडले. ऐकू जावं म्हणूनही ओरडले आणि रागानंही.

"निवडलंय काय? गव्हातून काय निवडतात, माहीत आहे ना? खडे. गव्हाला कोणी निवडत नाही, गहू ताटात राहतो. निवडतात तो खडा, आणि निवडून हा असा फेकतात."

आणि फेकला. समोरच्या गटारात जाऊन पडला.

अख्खी ओळ हसली. सुभद्राबाई तर तोंडाला पदर लावून वाकून वाकून हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. वाक्य झकास जमलं होतं. वर्षभराचा राग एका फटक्यात निघाला आणि मला हलकं हलकं वाटलं.

काशिनाथ हसला नाही, चिडलाही नाही. तो खडा पडला तिकडं बघत उभा राहिला. मग आत गेला, माठातलं पाणी प्यायला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. मला वाटलं रुसलाय, जेवणाच्या वेळेपर्यंत येईल ताळ्यावर.

नाही आला. आठ दिवसांनी भेस्तानहून परतला तेव्हा माझ्याजवळ येऊन बसला. मी साड्यांचे लोंबते धागे कापत होते, तेवढं काम मी घरी आणायची.  तो म्हणाला, की आता 'निवडलेले' हा शब्द आला की त्याला खडाच दिसतो. आधी तसं नव्हतं. आधी त्याला वाटायचं, आपण दुकानात जातो, ढिगातून एक चांगली साडी उचलतो, तसं देवानं उचललं असणार. पण लहानपणी आईजवळ बसून त्यानंही गहू निवडले होते. बोटं ताटात कशाला फिरतात हे त्याला ठाऊक होतं. माझं ऐकल्यापासून ते डोक्यातून जाईना. मी म्हटलं, अहो मी चेष्टा केली होती, मेथी निवडतो तेव्हा पानंच ठेवतो की, काड्या टाकतो. तो म्हणाला, हो, पण ती भाजी.

बघा आता. मेथी म्हटलं तर ऐकेना. शब्द एकच, पण माझं ताट त्याच्या आड येऊन बसलं ते बसलंच.

दिवाळीच्या आधी त्याचा खोकला वाढला. छातीचा टीबी त्याला आधी एकदा झाला होता, पण तेव्हा पिण्याच्या नादात गोळ्या अर्ध्यात सोडल्या होत्या. आता डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, उशीर केलात, यावेळी औषध धरेलच असं नाही. खात्यात त्याच्या लूमवर दुसरा उभा राहिला. हा घरात. थुंकीत रक्त आलं त्या सकाळी त्यानं ते मला दाखवलं आणि आपली दोन बोटं जोडून चिमटी करून दाखवली. खात्यात तार तुटल्याची खूण तशीच काहीशी असते, म्हणून मी विचारलं, काय तुटलं? तो म्हणाला, तुटलं नाही, देवाची बोटं लागलीत मला. आणि मग म्हणाला, "मी खडा शे, मंदा."

मरणाला तो भीत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पितानाच चार वेळा मरता मरता वाचला होता. त्याला भीती होती ती वेगळीच. एकदाच कुठंतरी न मोजता घेतलं होतं त्याला, आणि तिथूनही फेकला जाणार, ही. आणि ती भीती त्याच्यात मी घातली होती.

मग मी भेस्तानला गेले. रिक्षानं नाही, चालत. रस्ताभर स्वतःला शिव्या देत गेले. पाळक हॉल झाडत होते. मी सगळं सांगितलं, गहू, खडा, गटार, काही लपवलं नाही. म्हटलं, तुमचा शब्द मी नासवला, तो आता तुम्हीच दुरुस्त करा. ते हसले नाहीत. म्हणाले, इतकी वर्षं हा शब्द वापरतोय, पण हे कधी सुचलं नाही. केरसुणी भिंतीला लावली आणि माझ्याबरोबर निघाले.

ते खाटेशेजारी बसले. त्यांनी समजावलं, की देवाचं निवडणं फेकायला नसतं, जवळ घ्यायला असतं. काशिनाथनं सगळं ऐकून घेतलं. त्याला किती पोचलं ते त्यालाच माहीत. मग त्यानं विचारलं, "त्यात माझं नाव आहे का? एवढंच सांगा."

पाळक म्हणाले, ते देवालाच ठाऊक, माणसानं विश्वास ठेवायचा, आणि विश्वास असला म्हणजे समजायचं की आपलं नाव आहे.

"विश्वास कोण देतं?"

"तोही देवच देतो."

काशिनाथनं मान हलवली. म्हणाला, मग मला दिलेला नाही. आधी होता, आता रोज हात पसरून बसतो, येत नाही.

तेव्हा पाळक त्याच्याकडं वाकून एक गोष्ट बोलले. म्हणाले, "अरे, तुला हा जो घोर लागलाय, तोच पुरावा आहे. देवानं ज्याला सोडलं त्याला असला घोर लागतच नाही." मला ते काळजात जाऊन बसलं. मी काही त्यांच्यातली नाही, तरी मला वाटलं, झालं, हेच पाहिजे होतं. पण पाळकांना ओरडायची सवय नव्हती. आणि इतकं नाजूक बोलणं कोणी ओरडून बोलतं का? काशिनाथनं कानामागं हात धरला आणि माझ्याकडं बघितलं. सांगणार कोण? मीच. मी ते वाक्य त्याच्या कानात ओरडून सांगितलं. अक्षर न् अक्षर तेच. पण माझ्या तोंडून आलं म्हणून त्याची माती झाली. तो माझ्याकडं बघून कसनुसा हसला. ज्या तोंडानं खडा सांगितला, तेच तोंड आता हे सांगत होतं.

पाळकांना सोडायला मी नळापर्यंत गेले. तिथं मला राहवलं नाही. म्हटलं, एक हो म्हणाला असतात तर तुमचं काय गेलं असतं? आहे तुझं नाव, मी बघितलंय, एवढं म्हणायचं. मरणाऱ्या माणसाशी कोण खरं बोलतं? ते सायकलचं हँडल धरून उभे होते. म्हणाले, "बाई, मी ते बघितलेलं नाही. बघितलं म्हटलं तर तो माझ्या भरवशावर मरेल. आणि मी काय त्याच्याहून वेगळा, मीही असाच भीतच झोपतो." डोळे भरले होते त्यांचे. मला त्यांची दया आली नाही. मला वाटलं, हा माणूस खरेपणा सांभाळतोय आणि माझा माणूस जातोय.

त्यानंतर महिनाभर मी रोज त्याला सांगत राहिले. चहा देताना, पाठ पुसताना, भांडी घासताना थांबून. "तुम्हाला निवडलंय हो, ठेवायला निवडलंय!" आणि हे सगळं ओरडून. अख्ख्या ओळीला पाठ झालं. पोरं माझी नक्कल करायला लागली. सुभद्राबाई एकदा नळावर म्हणाली, आधी खडा केलास, आता देव करतेस होय? मी बादली तिच्या पायावरच ओतणार होते. पण खोटं काय होतं त्यात?

मग माझ्या डोक्यात एक आलं. मी तीन रविवार भेस्तानला गेले, सगळ्यांत मागं बसले आणि चौथ्या रविवारी पाळकांना म्हटलं, मलाही बाप्तिस्मा द्या. त्यांनी विचारलं, विश्वास आहे? मी म्हटलं, हो. ते माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटतं त्यांना कळलं होतं. पण शेवटी म्हणाले, नाही म्हणणारा मी कोण. हॉलमागं सिमेंटची टाकी आहे, तिच्यात मला बुडवलं. मला काय वाटलं विचाराल तर नाकात पाणी गेलं आणि थंडी वाजली. दुसरं काही झालं नाही. मी मनात कानबाईची माफीही मागितली.

केस पुसलेसुद्धा नाहीत, तशीच रिक्षात बसून घरी आले. त्याच्या खाटेपाशी उभी राहिले आणि जे वाटभर घोकलं होतं ते ओरडले. "बघा, मलासुद्धा घेतलं! मी त्याच्या नावानं खडे फोडले, तुमची चेष्टा केली, तरी घेतलं. मग तुम्हाला कसं टाकेल तो?" मला वाटलं होतं, याला तोड नाही.

काशिनाथ उठून बसला. किती दिवसांनी आपणहून उठला होता. त्यानं माझ्या ओल्या केसांना हात लावला, बोटाला पाणी लागलं ते बघितलं. मग त्याचा चेहरा फुलला, अगदी त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी फुलला होता तसा. आणि म्हणाला, "तुले निवडं त्यानी. माले नहीं."

रागानं नाही म्हणाला. हेवाही नव्हता. मनापासून आनंद झाला होता त्याला, माझ्यासाठी. पोरीचा हात हातात घेऊन तिला सांगितलं, तुझी आई तरली. मग आडवा झाला आणि पांघरूण तोंडावर घेतलं. म्हणजे इतके दिवस आम्ही दोघं निदान बाहेर तरी एकत्र होतो. आता मी आत आणि तो एकटा बाहेर. एकटा मी केला त्याला.

चार दिवस मी तोंड शिवून बसले. पाचव्या दिवशी सहन होईना. त्याच्या कानाशी गेले आणि सगळं ओकले. म्हटलं, मी खोटं बोलले, मला विश्वास-बिश्वास काही नाही, तुम्हाला पटावं म्हणून पाण्यात शिरले. मला कोणी निवडलं नाही. मी आहे तिथंच आहे, तुमच्याजवळ. हे ओळीत सगळ्यांनी ऐकलं असणार, ऐकोत. तो माझ्या ओठांकडं बघत होता, माझा एकही शब्द त्यानं सोडला नाही. मग माझ्या गालावर हात ठेवला.

"तू खोटं बोलस," म्हणाला. "माले बरं वाटाले."

काय करणार होते मी यापुढं? खोटं सांगितलं ते त्याला खरं वाटलं, आणि जन्मात एकदा खरं सांगितलं ते खोटं. पुढं मी काही सांगायला गेले की तो मायेनं हसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. मी बोलायचंच सोडलं. ओळीतल्या बायका म्हणायला लागल्या, मंदाबाईच्या घरातून आवाज येत नाही, काशिनाथ गेला की काय.

होळीनंतर त्याला सरकारी दवाखान्यात हलवावं लागलं. तिसऱ्या दिवशी तो कोणाला ओळखेना. दुपारची वेळ होती. बळीराम आणि पाळक आले होते, पाळक पायथ्याशी उभं राहून हळू आवाजात प्रार्थना म्हणत होते. सुवर्णा पंख्याखाली बसली होती. तिनं मला खुणावलं आणि विचारलं, बा काय करताहेत? मी बघितलं.

त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि हात चादरीवर फिरत होता. बोटं सावकाश सरकायची, थांबायची, मग चिमटी व्हायची. चिमटीत काहीतरी धरायचा, जरा वर उचलायचा, आणि खाटेच्या बाहेर हात नेऊन टाकून द्यायचा. परत हात चादरीवर. परत चिमटी. बळीराम म्हणाला, तार जोडतोय बिचारा. सिस्टर सलाईन बघायला आली होती. ती हिंदीत म्हणाली, शेवटी शेवटी सगळे पेशंट असंच करतात, त्याला काही अर्थ नसतो.

तिचं बरोबर असेल. तिनं पुष्कळ बघितले असतील. पण तार जोडायला दोन्ही हात लागतात, आणि जोडलेला तार कोणी फेकून देत नाही. मी सोळा वर्षं ताट घेऊन दारात बसले आहे. निवडणारा हात मला कळतो.

मी त्याचा हात धरला. तर बोटं माझ्या तळहातावर चालू झाली. तिथंही एक सापडलं त्याला. चिमटीत आलं, वर उचललं. हात खाटेच्या कडेला जायला लागला तेव्हा मला काय झालं मला कळलं नाही. दोन महिने गप्प होते ती मी त्याच्या कानात ओरडले, सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"अहो, गहू आहे तो. टाकू नका. गहू आहे."

त्याला ऐकू गेलं नाही. बोटं उघडली, आणि हात तिथंच खाटेबाहेर लोंबत राहिला. तो परत चादरीवर आला नाही. सिस्टरनं नाडी बघितली, मग डॉक्टरांना बोलवायला गेली. पाळकांची प्रार्थना अर्ध्यातच थांबली. नंतर ते मला म्हणाले की त्याच्यासाठी आशा आहे. मी विचारलं, बघितलंत का? 

बळीराम सुवर्णाला बाहेर घेऊन गेला. मी खाली बसले, मग गुडघे टेकून खाटेखाली वाकले आणि फरशीवर हात फिरवला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सिस्टर परत आली, तिनं विचारलं, क्या गिर गया? मी म्हटलं, काही नाही.